कोरडं वजन

आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी वजन व्हायचं. हे उठायचे, संडासला जाऊन यायचे, अंगात नुसता पायजमा ठेवून खिडकीखालच्या काचेच्या काट्यावर उभे राहायचे आणि मी आकडा वाचायची. तेवढ्यात फोन वाजलाच म्हणून समजा. लेकीचा.

"आई, आज किती?"

बाबांना झोप लागली का, तू कशी आहेस, असलं काही नाही. आज किती. तिच्या ऑफिसात जशी ती माणसं वागवते तसंच आम्हालाही. म्हणून हे तिला मुकादम म्हणतात. समोर नाही हं, मागे. समोर म्हणायची कुणाची छाती आहे?

हे म्हणजे माझे यजमान. बाजारात यांना काटेवाले म्हणून ओळखतात. चाळीसेक वर्षं तराजू, वजनकाटे दुरुस्त करत आलेत. सोनाराचा नाजूक काटा असो की वखारीतला पोती तोलायचा, यांच्या हाताखालून गेला की त्यावर कुणी शंका घ्यायची नाही. आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आले, आमच्या दुकानासमोरच एकानं त्यांचं चकचकीत दुकान थाटलंय, तरी जुने लोक अजून यांच्याकडे येतात. मुकादमनं घरी काचेचा काटा आणला तेव्हा यांनी पहिल्यांदा काय केलं असेल? दुकानातली पितळी वजनं मागवली आणि त्यावर एकेक ठेवून पाहिली. मग म्हणाले, "खरा आहे." जावई पसंत केल्यासारखा चेहरा केला होता.

वजनाचं हे खूळ हृदयापायी आलं. यांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली, पण मागच्या थंडीत पाय सुजले, पोट तट्ट झालं, आडवं झालं की जीव घुसमटायचा. दवाखान्यात ठेवलं. हृदयाचा जोर कमी झालाय, म्हणून अंगात पाणी साठतंय, असं हृदयाचे डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनांनी ते पाणी काढलं आणि घरी सोडताना सांगितलं, यांचं कोरडं वजन सहासष्ट. मीठ कमी, पाणी मापून, लघवी होण्याची गोळी रोज सकाळी एक. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर लगेच फोन करा. आणि उलट्या-जुलाब झाले, चक्कर आली, लघवी कमी झाली, वजन भराभर उतरलं, तरीही फोन करा, गोळ्या तशाच रेटू नका.

दोन्ही सांगितलं होतं त्यांनी. खोटं कशाला बोलू. पण आम्ही यांना पाण्यानं फुगलेलं पाहिलं होतं, खुर्चीत बसून श्वासासाठी तडफडताना पाहिलं होतं. त्यामुळे आमच्या डोक्यात एकच बसलं. वाढलं की वाईट. उतरलं की चांगलं.

घरी आल्यावर यांचा जीव दुकानाकडे लागला. आजारी पडायच्या आधी यांनी कोळशाच्या वखारीतला जुना जमिनीवरचा काटा उघडला होता. दोन माणसं उभी राहतील एवढी फळी, खाली लोखंडी तरफा, आणि प्रत्येक तरफेखाली पोलादाची एक धार. सगळं वजन त्या धारेवर तोललं जातं. ते सगळं सुटं होऊन बाकावर पडलं होतं, आणि कुठली धार कुठे बसते हे फक्त यांच्या डोक्यात. वखारवाला भला माणूस, पण किती थांबणार? तो म्हणाला, जमत नसेल तर भंगारात देतो, समोरच्याकडून नवा घेतो. समोरच्याकडून! हे ऐकून यांचं हृदय बंद पडलं नाही हेच नशीब.

"मला दुकानात जाऊ दे," हे लेकीला म्हणाले. स्वतःच्या लेकीकडे परवानगी मागत होते. मला मेलं हसावं की रडावं कळेना.

मुकादम म्हणाली, "चौसष्ट आलं की जा."

"डॉक्टर सहासष्ट म्हणालेत."

"दोन किलो हातचे राखून ठेवू. पाणी वाढलंच तर धोका नको." तिचं बापावर प्रेम आहे हो, जिवापाड आहे. पण तिचं प्रेम असं हिशेबी, घट्ट गाठ मारलेलं. हे म्हणाले, "ठीक आहे." झाला सौदा.

वजन आधी पासष्टवर आलं. मग तिथेच अडून बसलं. रोज सकाळी मी आकडा वाचायची, पलीकडून लेक म्हणायची, "अजून थोडं, बाबा," आणि हे काट्यावरून उतरून खिडकीतून बाजाराच्या दिशेनं बघत बसायचे. चार-पाच दिवस असे गेले आणि एकाएकी आकडा घसरायला लागला. पासष्टच्या खाली. मग आणखी खाली. फोनवर लेक लहान मुलीसारखी ओरडली, "वा बाबा! शाब्बास!" मीसुद्धा हसले.

मी घरी बसून शिवणकाम करते. कपडे लहान-मोठे करून देणं, हाच माझा धंदा. यांची पँट कमरेत लहान करायला घेतली तेव्हा मात्र हात थांबला. अंगातलं पाणी उतरलं की पोट कमी होतं, ते मला माहीत होतं. पण इथे मांड्याही ढिल्या, मागची बाजूही ढिली. मी पँट अंगावर धरून टाचण्या लावत होते आणि यांच्या हाताची कातडी चिमटीत आली, ती सोडली तरी तशीच उभी राहिली. ओठांना पांढरी कड आली होती. चहा पुढे केला तर म्हणाले, "तोंडाला चव नाही. पितळ चाटल्यासारखं लागतंय." बसल्या जागी डुलक्या काढायचे. खाजवायचे. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण आकडा बघितला की ती गप्प बसायची. आकडा छान होता ना!

मग एका सकाळी मी यांच्या दाढीचा डबा पुसायला घेतला आणि ब्रशखाली गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. लघवीच्या गोळीची. गोळ्यांचा डबा आठवड्याला मुकादम भरते, सकाळ-संध्याकाळचे खण करून. ही पाकिटं त्यातली नव्हती. यांनी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून आणली होती. मी तशीच जाऊन यांच्यासमोर उभी राहिले.

"हे काय आहे?"

यांनी एकदा पाकिटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "हळू बोल."

"हळू बोलू? दिवसाला किती घेताय?"

"दोन जास्त. कधी तीन."

"आणि पाणी?"

यांची नजर कुंड्यांकडे गेली. यांचा बाटलीभर पाण्याचा वाटा मी रोज भरून ठेवायची, संध्याकाळी ती रिकामी असायची. आता कळलं, कुंड्या इतक्या टवटवीत कशा दिसतायत ते.

"अहो, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय? सरळ सांगायचं तिला, मला जायचंय दुकानात, तुझा चौसष्टचा हट्ट सोड."

"ती सोडणार आहे?" हे म्हणाले. "आणि मी काय काट्याला हात लावलाय? काटा खराच बोलतोय. मी माझं वजन कमी करतोय."

उभ्या आयुष्यात या माणसानं काट्याखाली खडा सरकवला नाही. किती दुकानदार विनवण्या करून गेले, थोडं इकडे वाकवा, तुम्हालाही काही देतो. यांनी त्यांना पायरी चढू दिली नाही. आणि आता स्वतःचंच अंग वाळवून आकडा खाली आणत होते, वर म्हणत होते, यात खोटं कुठे आहे!

मी फोन उचलला. यांनी माझं मनगट धरलं.

"एवढं काम होऊ दे," हे म्हणाले. "अर्ध्या किलोचा प्रश्न आहे. काटा जोडला की गोळ्या सोडतो. तुझी शपथ."

लग्न झाल्यापासून या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. काय मागायचं ते स्वतःच करून घ्यायचे. डोळे खोल गेले होते आणि तरीही त्यात दुकानाची हाव होती. मी फोन खाली ठेवला. बायका म्हणे नवऱ्याला ओळखतात. मी ओळखलं ते त्याचं मन, आणि त्याच्या अंगाकडे डोळेझाक केली.

त्याच आठवड्यात यांचं पोट बिघडलं. दोन दिवस जुलाब. खाणं बंद, चार घोट पाणी जेमतेम. दुष्काळात तेरावा महिना. आणि तिसऱ्या सकाळी काट्यावर आकडा आला बासष्ट.

मी वाचला. पलीकडे लेकीनं टाळी वाजवली, खरंच वाजवली, मी फोनवर ऐकली. "बाबा, जिंकलात तुम्ही! जा दुकानात. आईला बरोबर घेऊन जा." पोट बिघडल्याचं मी तिला सांगितलं होतं, पण तीही आकड्यानं हुरळली होती. आनंद झाला की मुकादमसुद्धा मुलगी होते.

यांना आनंद झालेला दिसला नाही. कपडे घालताना दोनदा बसले. उचकी लागली होती, थांबत नव्हती. मी म्हटलं, उद्या जाऊ. हे म्हणाले, "वखारवाला उद्या येईल." म्हणजे गेलो.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर काट्यांच्या दांड्या लटकलेल्या, बाकावर तेलाची बाटली, कानशी, आणि वखारीच्या काट्याचे तुकडे जुन्या चादरीखाली. चादर काढली तशी यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. एक तरफ उचलली, पुसली, जागेवर ठेवली. मग धारेची पट्टी चिमटीत धरून पुढे हात केला. आणि हात पडला. म्हणजे थरथरला नाही, मनगटातून सुटल्यासारखा खाली झुकला आणि परत वर आला. पुन्हा झुकला. हे हाताकडे बघत राहिले. दुसऱ्याच कुणाचा तरी हात आपल्याला लावलाय, अशा नजरेनं.

"धर ही," हे मला म्हणाले. मी पट्टी धरली. "कुठे बसवू?"

सगळे तुकडे समोर होते आणि यांना आठवत नव्हतं. मी आयुष्यात कधी इतकी घाबरले नव्हते. मग यांनी मला विचारलं, "दुकान उघडलं कुणी?" आणि बाकाच्या कडेनं सरकत खाली बसले.

दवाखान्यात रक्त घेतलं, सोनोग्राफी केली, लघवीची नळी घातली. पिशवीत कितीतरी वेळ नुसते काही थेंब. हृदयाच्या डॉक्टरांनी किडनीच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्या तरुण होत्या, पण बोलणं शांत. आम्हा दोघींना, मला आणि धावत आलेल्या लेकीला, बाहेर बाकड्यावर बसवून म्हणाल्या, "यांच्या किडनीला दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात. एक आत्ताची आहे, या आठ-दहा दिवसांतली. अंगातलं पाणी इतकं उतरलं की किडनीपर्यंत पुरेसं रक्त पोचेना. तिनं काम थांबवलं. विष साठलं, म्हणून ही उचकी, ही ग्लानी, हा हात पडणं. हे थांबलेलं काम परत सुरू होईल, अशी आशा आहे."

"आणि दुसरी?" लेकीनं विचारलं.

"दुसरी जुनी. हृदय कित्येक वर्षं कमी जोरानं चालतंय, शिवाय रक्तदाब. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या दिसतायत. एका आठवड्यात किडनी लहान होत नाही. ते हळूहळू झालंय, आणि झालं ते परत येत नाही."

"पण त्यांना तिथे कधी दुखलं नाही," मी म्हटलं.

"बहुतेकांना दुखत नाही," त्या म्हणाल्या. "आणि सगळ्यांचं लक्ष हृदयाकडे असतं."

मला माझ्या भाषेत कळलं ते असं. मशीनमध्ये धागा अडकला की मशीन थांबतं, धागा काढला की चालू होतं. पण आतले दात झिजले असतील तर ते झिजलेच. आमचं झिजलेलं मशीन होतं आणि त्यात आम्ही धागा अडकवला होता.

मग त्यांनी विचारलं, "लघवीची गोळी रोज एकच घेत होते ना? एका गोळीनं इतकं कोरडं व्हायला नको."

"एकच," लेक म्हणाली. "डबा मी भरते." तिचा आवाज फुटला. "चौसष्टचं मीच सांगितलं होतं. माझ्यामुळे झालं का हे?"

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी आतल्या दाराकडे पाहिलं. आत हे पडले होते, माझ्या भरवशावर. पण गोळ्यांचा आकडा डॉक्टरांना कळलाच पाहिजे होता. मी सांगितलं. पाकिटं, कुंड्या, सगळं.

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं आणि आत गेल्या. लेक माझ्याकडे बघत राहिली.

"तुला माहीत होतं?"

"आठवडाभर."

"आणि रोज सकाळी तू मला फोनवर आकडा वाचून दाखवत होतीस. मी टाळ्या वाजवत होते, आई!"

मग ती उठून आतल्या दाराशी जाऊन उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. आमची मुकादम गप्प बसली की घर गप्प बसतं.

पुढचे दिवस इकडे आड तिकडे विहीर. किडनीला पाणी हवं म्हणून सलाईन लावलं, थेंब थेंब, तर दुसऱ्या दिवशी छातीत बुडबुडे ऐकू यायला लागले, श्वास लागला. हृदयाला पाणी नको होतं. सलाईन थांबवलं. पुन्हा मोजून मापून थोडं दिलं. हृदयाचे डॉक्टर एका बाजूला, किडनीच्या बाई दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हे. बाईंनी आम्हाला डायलिसिसचं सांगून ठेवलं, गरज पडली तर रक्त मशीनमधून साफ करावं लागेल. यांनी ते ऐकलं. ग्लानीतही ऐकलं. "मशीन नको," म्हणाले.

नशीब म्हणा, पिशवीत लघवी उतरायला लागली. आधी गढूळ, मग स्वच्छ. मी त्या पिशवीकडे जेवढ्या प्रेमानं पाहिलं तेवढं तान्ह्या लेकीकडेही पाहिलं नसेल. उचकी गेली. हात सरळ राहू लागला. एका सकाळी यांनी मला विचारलं, "वखारवाला आला होता का?" आणि मी तोंडाला पदर लावून रडले.

घरी सोडताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "धागा निघाला, पण झीज आहे तेवढी आहे. जेमतेम काम चालेल एवढीच किडनी उरलीय." त्यांना माझं मशीन मी सांगितलं होतं, त्यांना ते आवडलं होतं. "आता पासष्टच्या आसपास राहायचं. खाली जायचं नाही, वरही जायचं नाही. गोळीत बदल आम्हाला विचारल्याशिवाय नाही, दुखण्याची गोळीसुद्धा मनानं घ्यायची नाही. पुन्हा अशी बंद पडली तर डायलिसिस टाळता येईल असं वाटत नाही. आणि ते कदाचित कायमचं असेल."

लेकीनं यांना दुकानात रोज एक तास जायची मुभा दिली. डॉक्टरांना विचारून. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. फोन यायचा, "आज किती?" मी आकडा सांगायची, ती म्हणायची, "आई, खरं ना?" रोज विचारायची. मी ऐकून घ्यायची. दुसरं करणार काय?

दुकानात यांचं काम जमत गेलं. मी शेजारी बसून सामान पुसायची, हे एकेक धार बसवायचे, श्वास घ्यायला थांबायचे, पुन्हा बसवायचे. वखारवाला येऊन पाहून गेला. सोमवारी न्यायला येतो म्हणाला. समोरचा इलेक्ट्रॉनिकवालासुद्धा रस्ता ओलांडून बघायला आला, आणि यांनी त्याला इतक्या तोऱ्यात तरफा समजावून सांगितल्या की मला वाटलं, बरा झाला हो माणूस. फक्त शेवटची तोलणी राहिली होती. पितळी वजनं ठेवून काटा शून्यावर आणायचा.

वजन हळूहळू वर चाललं होतं. पासष्टचं साडेपासष्ट, मग सहासष्ट. यांना भूक लागत होती, मऊ भात मागून घ्यायचे. मी लेकीला म्हटलं, अंगी लागतंय. तीही म्हणाली, असेल. डॉक्टरांच्या दवाखान्यात विचारलं तर त्यांनी सोमवारी तपासायला बोलावलं. मग हे उशा रचून झोपायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, मान अवघडते. मोज्यांचे वळ पायावर खोल उठायचे. मी बोट दाबलं, खळगा पडला, भरायला वेळ लागला. यांनी पाय ओढून घेतला.

शनिवारी सकाळी हे काट्यावर उभे राहिले आणि आकडा पेटला. एकाच दिवसात मोठी उडी. अडुसष्ट.

हे झटकन खाली उतरले. काचेवरचा आकडा विझला.

"पासष्ट सांग तिला," हे म्हणाले.

मी यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. ज्या माणसानं जन्मभर कुणासाठी छटाकभर खोटं तोललं नाही, तो मला म्हणत होता खोटा आकडा सांग.

"दोनच दिवस. सोमवारी काटा जातो. मग मी स्वतः सांगतो." वाक्य पुरं करायला यांना मध्ये श्वास घ्यावा लागला. "तुला कळतंय ना, आत गेलो की ते मला मशीनला जोडणार. मग दुकान संपलं. आठवड्यातून तीनदा त्या खुर्चीत."

"लघवी होतेय का नीट?"

यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"अहो, मी विचारतेय."

"होतेय थोडी."

फोन वाजायला लागला. हे माझ्याकडे बघत होते. मागच्या वेळी जसे पाहिले होते तसेच, अगदी तसेच, आणि माझं काळीज तसंच तुटलं. दोन दिवस. काय बिघडतं दोन दिवसांत? उरलेली तोलणी, शून्यावर आलेला काटा, वखारवाल्याचं मान डोलावणं. एवढंच तर मागत होता माणूस. पण यांच्या गळ्याशी एक शीर उडत होती आणि श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजत होती, तीच थंडीतली शिट्टी. मी फोन उचलला.

"आई, आज किती?"

"अडुसष्ट," मी म्हटलं. "पाय सुजलेत. बसून झोपतायत. ये तू."

पलीकडून लगेच, "निघाले." आणि मग, अगदी हळू, "आई, थँक्यू." मला त्याचंही काही वाटलं नाही तेव्हा. मी यांच्याकडे बघत होते.

हे माझ्याकडे बघत नव्हते. खुंटीवरचा शर्ट काढून घातला, बटणं स्वतः लावली. मी पिशवी भरली, मोठा टॉवेल, चष्मा, गोळ्यांचा डबा. पायांत बूट जाईनात. मी खाली बसून नाड्या सैल केल्या, तरी टाच बाहेर राहिली. चपलांचे पट्टेसुद्धा पुरेनात.

"राहू द्या," मी म्हटलं. "तसेच चला."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. हे माझ्या पुढे अनवाणी जिना उतरायला लागले, कठडा धरून. माझा खांदा धरला नाही. मी हाताच्या अंतरावर मागे. माझ्यावर रागावले होते आणि मला ते कबूल होतं. रागावलेला नवरा चालेल, पण जिवंत असू दे. एका वळणावर कठडा तुटलाय, कधीपासून कुणी दुरुस्त करत नाही. तिथे हे थांबले. भिंतीला टेकले. बराच वेळ नुसता श्वास. मग हात मागे आला आणि माझ्या खांद्यावर पडला, जड.

"अडुसष्ट म्हणालीस तू तिला," हे म्हणाले.

"हो."

"अडुसष्ट आठशे होतं." पुन्हा श्वास. "डॉक्टरांना नीट सांग. अर्धवट सांगू नकोस."

मी मान हलवली.

"आणि लघवी चार दिवसांपासून जवळजवळ बंद आहे. तेही सांग."

"सांगते," मी म्हटलं. खाली लेकीची गाडी येऊन थांबली होती, दार उघडल्याचा आवाज आला, आणि आम्ही पुढची पायरी उतरलो.